वैद्यकीय प्रवेशाची मुलाखत: वक्तृत्व क्लब, सराव-मुलाखती की सेवाकार्य?

गुण उत्तम असूनही मुलाखतीच्या नुसत्या विचाराने ज्याच्या पोटात गोळा येतो, अशा उमेदवाराला साधारणपणे तीन सल्ले मिळतात: वक्तृत्व क्लबात जा, सराव-मुलाखती दे किंवा कुठेतरी सेवाकार्य कर. तिन्ही सल्ले योग्य आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या दुखण्यांवरचे उपाय आहेत. कुणाची चारचौघांत वाचाच बसते, कुणाला बोलता येते पण अनोळखी माणसाशी सूर जुळवता येत नाही, तर कुणाचे दोन्ही ठीक असते आणि घड्याळ सुरू झाले की विचारांची साखळी तुटते.

मुलाखतीचे स्वरूपही आधी पाहून घ्यावे. पारंपरिक पद्धतीत दोन-तीन परीक्षक समोर बसून बराच वेळ बोलतात, त्यामुळे सुरुवात अडखळत झाली तरी सावरायला वाव असतो. याउलट कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झालेली आणि २००४ मध्ये शोधनिबंधातून मांडली गेलेली एमएमआय, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, आता अनेक देशांत रुळली आहे. तीत उमेदवार एकामागून एक अशा अनेक स्टेशनांवर, म्हणजे छोट्या मुलाखतींच्या ठिकाणी, जातो, दाराबाहेर प्रसंग वाचायला त्याला एक-दोन मिनिटे मिळतात आणि आत साधारण ५ ते ८ मिनिटे. प्रत्येक ठिकाणी परीक्षक नवा असल्याने एका स्टेशनवरची चूक पुढे चिकटत नाही. मात्र दर काही मिनिटांनी नव्या चेहऱ्यापुढे कोऱ्या मनाने उभे राहावे लागते, आणि भिडस्त माणसाला नेमके तेच जड जाते.

१९२४ पासून चालत आलेल्या टोस्टमास्टर्ससारख्या वक्तृत्व क्लबाचा खरा उपयोग तयार भाषणांपेक्षा ‘टेबल टॉपिक्स’ या सत्रात आहे. विषय त्याच क्षणी कळतो आणि एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. एक मिनिटाला हिरवी, दीड मिनिटाला पिवळी आणि दोन मिनिटांना लाल खूण दाखवली जाते, आणि एक सभासद तुमचे ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ मोजत बसलेला असतो. तो आकडा पहिल्यांदा ऐकताना कान लाल होतात, पण ज्याची वाचा बसते त्याच्यासाठी मला याहून चांगला उपाय माहीत नाही. सभासदत्वासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे शाळेतून थेट अर्ज करणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. दुसरी अडचण अधिक मोठी आहे: क्लबातले श्रोते प्रोत्साहन द्यायलाच आलेले असतात, त्यामुळे तिथे कुणी मध्येच तोडत नाही की चिडत नाही. तिथली लकब घेऊन आलेला उमेदवार हाताच्या अंतरावर बसलेल्या परीक्षकापुढे सभा गाजवू लागतो, ते फार विचित्र दिसते.

सराव-मुलाखतींचा फायदा उघड आहे, म्हणून त्यांच्या तोट्याबद्दलच बोलतो. आठ-दहा सराव एकाच व्यक्तीबरोबर झाले की उत्तरे गुळगुळीत होतात. स्वायत्तता, हित, अपाय टाळणे आणि न्याय ही वैद्यकीय नीतीची चार तत्त्वे पाढ्यासारखी म्हणून दाखवणाऱ्या उमेदवाराला परीक्षकाने “आणि रुग्णाने तरीही नकार दिला तर?” एवढेच विचारले की त्याची गाडी रुळावरून घसरते. सराव घ्यायचेच तर दर वेळी माणूस बदलावा, आणि शक्यतो आपल्याला न ओळखणारा शोधावा.

सेवाकार्याकडे बहुतेक जण अर्जात लिहायची एक ओळ म्हणून पाहतात, आणि इथेच गफलत होते. वृद्धाश्रमात कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी बोलायचे असेल तर आधी त्यांचा चांगला कान कोणता हे पाहून त्या बाजूला बसावे लागते, वाक्ये आखूड करावी लागतात, ओठ दिसतील असे तोंड समोर ठेवावे लागते आणि एक प्रश्न विचारून गप्प राहावे लागते. ती शांतता सुरुवातीला असह्य होते, पण काही आठवड्यांनी ती भरून काढण्याची घाई संपते. रोल-प्लेच्या स्टेशनवर नट हादरलेल्या नातेवाइकाची भूमिका करत असतो तेव्हा हाच थांबण्याचा सराव कामी येतो. तिथे अस्खलित बोलणारे पुष्कळदा समाधान सुचवायची घाई करतात आणि समोरचा रडतो आहे हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

म्हणून हाताशी सहा महिने असतील तर मी सेवाकार्य आधी निवडेन, वाचा बसत असेल तरच त्याला क्लबाची जोड देईन आणि सराव-मुलाखती शेवटच्या तीन-चार आठवड्यांवर ठेवेन. जेमतेम आठवडाच उरला असेल तर क्लब आणि सेवाकार्य दोन्ही बाजूला ठेवून रोज दोन अनोळखी प्रश्नांची उत्तरे मोबाइलवर चित्रित करावीत आणि ती एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे न पाहता तपासावीत, कारण पहिल्या वेळी हातांची चुळबुळ दिसते आणि दुसऱ्या वेळी वाक्याच्या शेवटी गिळला जाणारा आवाज ऐकू येतो.