बंड्याची शिकवणी: कुत्र्याला शिकवणाऱ्या ताईंचा अनुभव

आमचा बंड्या गावठी, लालबागच्या रस्त्यावरून घरी आणलेला. ढोल वाजला की पलंगाखाली थरथरायचा. आधीच्या प्रशिक्षकाने गळ्यातली साखळी आवळून ‘शिस्त’ लावली आणि त्या माणसाच्या चपला जिन्यात वाजल्या तरी बंड्या जागेवर मुतू लागला. ते थांबवून या ताईंना बोलावलं. आठ तासिका, ९,६०० रुपये.

मी सत्तावीस वर्षं शाळेत शिकवलं. सवयी कशा लागतात ते अभ्यासणारे पाव्हलॉव्ह आणि स्किनर, प्रबलन म्हणजे फळ देऊन सवय पक्की करणं, सगळं बी.एड.च्या पेपरात लिहिलं होतं. उमगलं ते आत्ता.

पहिल्या दिवशी ताईंनी बंड्याला हातही लावला नाही. आम्ही जेवत होतो, त्या बघत बसल्या. बंड्या भुंकायचा, आम्ही लक्ष द्यायचो नाही, पाचव्या-सहाव्या वेळी आजोबा पोळीचा तुकडा टाकायचे. ताई म्हणाल्या, “हा चिकाटी शिकतोय.” स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली कबुतरांवरचे प्रयोग मांडले, त्यातलंच हे: अधूनमधून फळ मिळणाऱ्या सवयी सुटायला सर्वात चिवट. तुकडा कायमचा बंद केला, तर आधी भुंकणं वाढेल, तेव्हा कच खाऊ नका, हेही ताईंनी बजावलं. तीन दिवस खरंच कान किटले. दहाव्या दिवशी तो ताटांपासून लांब जाऊन झोपला.

मग ‘टिक’ वाजणारी छोटी डबी. आधी नुसतं टिक, लगेच चिकनचा तुकडा, असं वीसेक वेळा. नंतर बूड टेकलं त्या क्षणी टिक. खाऊसाठी खिशात हात घालेपर्यंत कुत्रा उठतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं, म्हणून ही डबी. वर्गात आठवड्याने वह्या तपासून दिलेली शाबासकी कशाला मिळत होती, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

ढोलासाठी मोबाइलवर अगदी बारीक आवाज आणि सोबत चिकन. खाणं थांबलं की आवाज जास्त झाला असं समजायचं.

उणीव एकच: घरी काय करायचं ते लिहून देत नाहीत, आपणच वहीत टिपावं लागतं. आणि गणपतीसाठी शिकवायचं असेल तर जूनमध्येच सुरू करा. आम्ही जुलैअखेर सुरू केलं. आगमनाला आम्ही दार लावून घेतलं आणि बंड्या शांत जेवला, पण विसर्जनाच्या रात्री त्याला बहिणीकडे डोंबिवलीला न्यावंच लागलं.