दुसरी ब्रॉडबँड जोडणी: वेग चांगला, भरवसा अर्धाच
एक लाइन बंद पडली तर दुसरी हाताशी असावी, म्हणून आमच्या सोसायटीत मिळणारी ही पर्यायी ब्रॉडबँड सेवा घेतली. वेग चोख आहे, बिलही वाजवी. मात्र समोरचा रस्ता खोदला गेला तेव्हा दोन्ही मोडेमवर लाल दिवा एकाच वेळी लागला, कारण दोन्ही कंपन्यांच्या फायबर केबल एकाच भूमिगत पाइपातून येतात. दुरुस्तीला आलेल्या माणसाने खड्ड्यात वाकून त्या तुटलेल्या केबल दाखवल्या. बहुस्तरीय जाळ्यांत, म्हणजे त्याच ठिकाणांना जोडणारी अनेक जाळी एकावर एक असतात तिथे, सामायिक दुवे (दोन्ही स्तरांत त्याच ठिकाणांना जोडणारे) नेहमीच घातक नसतात. स्तर परस्परावलंबी असतील, म्हणजे एक चालायला दुसरा चालू लागत असेल, तर दोन्हींत जुळणारे दुवे साखळी पडझडीचा (एका बिघाडातून पुढचे बिघाड होत जाण्याचा) धक्का सौम्यही करतात. माझ्या दोन जोडण्यांसारखा एक स्तर दुसऱ्याला पर्याय असेल, तर मात्र केबलची वाट वेगळीच हवी, आणि ती कुठून येते हे विक्री प्रतिनिधी आपणहून सांगत नाहीत. वेगासाठी चार तारे, पर्याय म्हणून एकच.