टीआर बँड: अँजिओग्राफीनंतर मनगटावर बसणारा हवेचा पट्टा

जांघेतून अँजिओग्राफी झाली की पाय सरळ ठेवून तासन्‌तास उताणं पडून राहावं लागतं, लघवीलाही भांडं घ्यावं लागतं. मनगटातून झाली तर पेशंट लवकर उठून बसतो, दुसऱ्या हाताने चहा पितो. निम्मी धास्ती तिथेच उतरते. उरलेली उतरवणं पट्टा बांधणाऱ्याच्या हातात असतं.

मनगटातल्या धमनीचं छिद्र दाबून रक्त थांबवायला तेरुमो या जपानी कंपनीचा टीआर बँड उत्तम आहे. तो पारदर्शक असल्याने जखम उघडी न करता दिसते. आतले दोन फुगे अंगठ्याकडच्या रेडियल धमनीवरच दाब देतात, करंगळीकडची अल्नर धमनी मोकळी राहते. लांबी 24 आणि 29 सेंमी. जाड मनगटाला मोठाच घ्या.

शीथ (तपासणीसाठी धमनीत घातलेली नळी) 2-3 सेंमी मागे ओढून पट्टा बांधायचा. पट्ट्यावरची हिरवी खूण कातडीवरच्या छिद्रापासून एक-दोन मिलिमीटर कोपराकडे ठेवावी. सुई तिरकी जाते, त्यामुळे धमनीतलं छिद्र थोडं वर असतं. साधारण 13 मिली हवा भरून शीथ काढायचं. 18 मिलीच्या वर जायचं नाही. मग हवा सावकाश सोडत जायचं, रक्ताचा थेंब दिसला की 1-2 मिली परत भरायची, म्हणजे रक्त थांबण्यापुरताच दाब राहतो. नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते. ‘घट्ट म्हणजे सुरक्षित’ ही समजूत चुकीची आहे: धमनीतला प्रवाह पूर्ण थांबला तर ती कायमची बंद पडू शकते, आणि पुढच्या वेळी तो मार्गच उरत नाही. पडताळा सोपा आहे. अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून अल्नर धमनी दाबायची. पडद्यावरची लाट सपाट झाली तर पट्टा जास्त आवळलाय, थोडी हवा काढा.

पेशंटला आधीच सांगायला अर्धं मिनिट पुरतं: “काका, पट्टा आवळल्यासारखा वाटेल, अंगठ्याला मुंग्या येतील, घाबरू नका. या हाताने पलंगाला रेटा देऊन उठू नका, मनगट वळवू नका. बोटं पांढरी-गार पडली, हात सुजला किंवा खूप दुखलं तर लगेच हाक मारा.” हे न सांगितल्यास साध्या मुंग्यांनीही माणूस हादरतो, आणि घाबरून हात हलवला की रक्त येतं.

नुसत्या अँजिओग्राफीनंतर एक-दोन तासांनी दर 15 मिनिटांना 2-3 मिली हवा काढावी. अँजिओप्लास्टीत हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) जास्त दिलेलं असतं, तिथे आणखी थांबा. रक्त पाझरलं तर काढलेली हवा परत भरून अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करायचा. सिरिंज जोडताना दट्ट्या अंगठ्याने धरून ठेवा, नाहीतर आतल्या दाबाने तो मागे सरकतो आणि नको तेवढी हवा एकदम निघते.

उणीव म्हणाल तर वृद्धांच्या नाजूक कातडीवर कडक प्लास्टिकची कडा रुतते. दुसरी अडचण सिरिंजची: नेहमीची सिरिंज याच्या व्हॉल्व्हला बसत नाही. सोबतची हरवली तर रात्रपाळीच्या सिस्टरला हवा भरता येत नाही की काढता येत नाही. म्हणून ती केसपेपरला चिकटपट्टीने लावूनच पेशंटला कॅथलॅबमधून वॉर्डात पाठवावं.