मुलाला चीवर किती दिवसांसाठी द्यावे? ख्मेर प्रव्रज्येचे दोन पर्याय

वयात येणाऱ्या मुलाने काही काळ प्रव्रज्या घेऊन, म्हणजे भिक्खूचे वस्त्र (चीवर) घालून, विहारात राहून यावे, ही कंबोडियातील ख्मेर घरांची जुनी अपेक्षा आहे. श्रामणेर (प्राथमिक दीक्षा घेतलेला शिकाऊ) झाल्याने आईचे आणि विसाव्या वर्षानंतर भिक्खू झाल्याने वडिलांचे ऋण फिटते, असे तेथे मानतात. आज पालकांना ठरवावे लागते ते हे, की मुलाला पूर्ण वर्षावासासाठी, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामासाठी, पाठवावे की मोजक्या दिवसांसाठी.

दोन्हींचा आरंभ सारखाच असतो. डोके आणि भुवया भादरून मुलाला सजवतात, त्याला ‘नाग’ म्हणतात आणि वाजतगाजत विहारात नेतात. मनुष्यरूप घेऊन संघात शिरलेल्या नागाच्या, विनयातील (भिक्खूंच्या नियमग्रंथातील) कथेचे ते स्मरण आहे. फरक पडतो तो पुढे. वर्षावासाच्या सुमारे तीन महिन्यांत दहा शील, भिक्षाटन, पाठांतर आणि दुपारनंतरचा उपवास अंगवळणी पडतात; मात्र शाळा किंवा रोजगार बुडतो. अल्पकाळच्या दीक्षेत हे नुकसान टळते. घरातील मृत्यूनंतर मुलगा वा नातू चितेपूर्वी चीवर घेतो आणि अंत्यविधी उरकल्यावर ते उतरवतो, त्यात तर हेतू पुण्यार्पणाचाच असतो. अशा दीक्षेकडून संस्काराची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

हा कालावधी आखडला तो केवळ शहरी घाईमुळे नव्हे. पूर्वी मुलगे विहारातच लिहायला-वाचायला शिकत. ते काम पुढे शाळांनी घेतले. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीने भिक्खूंची चीवरे उतरवली, आणि 1979 मध्ये संघ पुन्हा उभा राहू लागल्यावरही पन्नाशीखालील पुरुषांच्या दीक्षेवर 1980 च्या दशकात बराच काळ सरकारी निर्बंध होता. त्यामुळे आज मुलाबाबत निर्णय घेणाऱ्या अनेक वडिलांनी आणि आजोबांनी स्वतः चीवर घातलेलेच नाही.

महाराष्ट्रातील दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे कालावधीने दुसऱ्या पर्यायाच्या जवळ आहेत, परंतु त्यांत मिरवणुकीपेक्षा शिकवणीला महत्त्व असते. ख्मेर पालकांनीही तोच निकष लावावा, असे मला वाटते. मिरवणूक आणि जेवणावळीचा खर्च दीक्षेच्या दिवसांवर अवलंबून नसतो. म्हणून पैसा मोजका असेल तर समारंभ आवरून मुक्काम वाढवणे श्रेयस्कर. थेरवादात, म्हणजे कंबोडियात पाळल्या जाणाऱ्या बौद्ध परंपरेत, चीवर उतरवण्याची मुभा असल्याने मुलगा रमला नाही, तर त्याला परत येता येते.