प्रयोगपेटी, कादंबरी आणि दोन्हींना जोडणारी वही

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी घरपोच अभ्यास-संच विकणाऱ्या कंपन्या अलीकडे बऱ्याच झाल्या आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा भर एक तर विज्ञानाच्या प्रयोगांवर असतो किंवा इंग्रजी वाचनावर. येथे ज्या संचाविषयी लिहीत आहे, त्यात या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. बारा प्रयोगांचे साहित्य व मराठी-इंग्रजी पुस्तिका, मॅडलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ ही अद्भुतरम्य कादंबरी, तिच्यावरील स्वाध्यायपुस्तिका आणि ‘अंदाजवही’ नावाची एक जाडसर वही, असे सगळे मिळून किंमत २,४०० रुपये. कंपनी पुण्यातली आहे, लहान आहे आणि संचाची ही पहिलीच आवृत्ती आहे, म्हणून नाव न घेता लिहिते. माझ्या सातवीतल्या भाचीने उन्हाळ्याच्या सुट्टीत हा संच वापरला, आणि मी काही वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे तिच्याबरोबर बसून तो जरा बारकाईने पाहिला.

साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. परीक्षानळ्या चांगल्या काचेच्या आहेत, तापमापीत पाऱ्याऐवजी रंगीत अल्कोहोल आहे, लिटमस व पीएच कागद हवाबंद डबीत दिले आहेत, आणि तुरटीचे स्फटिक वाढवण्यासाठी तुरटीही पुरेशी आहे. आक्षेप आहे तो मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पुडीवर. लोखंडी खिळ्यावर तांब्याचा थर चढवून दाखवण्याचा प्रयोग उत्तमच आहे; पण पुडीवर केवळ रासायनिक सूत्र छापलेले आहे. हा पदार्थ पोटात गेल्यास विषारी असतो, हाताळल्यावर हात धुवावेत, उरलेले द्रावण झाडांना घालू नये, यांपैकी एकही सूचना पुडीवर किंवा पुस्तिकेत नाही. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरात बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकामुळे मोरचूद परिचयाचा असतो आणि तो जपून ठेवायची सवयही असते. शहरातल्या सदनिकेत मात्र ही निळी पूड स्वयंपाकघराच्या ओट्यावरच उघडली जाणार आहे, हे कंपनीने लक्षात घ्यायला हवे होते.

संचाची खरी ताकद अंदाजवहीत आहे. प्रत्येक प्रयोगासाठी तीत दोन पाने आहेत. पहिल्या पानावर प्रयोग करण्यापूर्वी ‘काय होईल?’ आणि ‘असे का वाटते?’ या दोन प्रश्नांची उत्तरे शाईने लिहायची असतात, पेन्सिलने नाही, म्हणजे नंतर खोडता येत नाहीत. पुस्तिकेतील स्पष्टीकरणाचे पान घडी घालून चिकटपट्टीने बंद केलेले असते आणि दुसऱ्या पानावर निरीक्षणे उतरवून झाल्यावरच ते उघडायचे असते. शाळेच्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हा क्रम असतो. पण अनुमान बहुतेक वेळा फळ्यावरून उतरवलेले असते आणि प्रयोग न करताही ते लिहिता येते, हे आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. येथे ती पळवाट बंद केली आहे. वही चांगली असल्यामुळेच पुस्तिकेतील चुका उघड्या पडतात, ही मात्र कंपनीने बहुधा अपेक्षिलेली गोष्ट नसावी.

उदाहरणार्थ, दोलकाचा प्रयोग. लाकडाचा एक मोठा गोळा आणि पितळेचा एक लहान गोळा दिला आहे. दोन्ही २५ सेंटिमीटर लांबीच्या धाग्याला बांधून प्रत्येकाच्या २० आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा आणि दोलनकाल वस्तुमानावर अवलंबून नसतो हे पाहायचे, अशी योजना आहे. एकाच आंदोलनाऐवजी वीस मोजून भाग देण्याची सूचना योग्यच आहे, कारण त्यामुळे हाताने घड्याळ दाबताना होणारी चूक विभागली जाते. पण दोलकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, धाग्याच्या टोकापर्यंत नव्हे, हे पुस्तिकेत कोठेही म्हटलेले नाही. लाकडी गोळ्याचा व्यास सुमारे सहा सेंटिमीटर आणि पितळी गोळ्याचा तीन असल्यामुळे धागा सारखा असला तरी पहिल्या दोलकाची प्रत्यक्ष लांबी २८ सेंटिमीटर आणि दुसऱ्याची साडेसव्वीस होते. गणित केल्यास वीस आंदोलनांत अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक फरक पडायला हवा, आणि मोबाइलच्या घड्याळावर तो पडतोही. म्हणजे मोठा पण हलका गोळा हळू झुलतो, लहान पण जड गोळा लवकर झुलतो, आणि ‘जड वस्तू वेगाने जाते’ हा जो समज मोडण्यासाठी प्रयोग रचला आहे तोच पक्का होतो. भाचीने अंदाज नेमका तसाच लिहिला होता, त्यामुळे आपला अंदाज बरोबर आला म्हणून ती खूश झाली. लाकडी गोळ्याचा धागा दीड सेंटिमीटरने आखूड केल्यावर दोन्ही वेळा जवळजवळ जुळल्या, तेव्हा ती घडीचे पान न उघडता पुन्हा पहिल्या पानाकडे गेली. पुस्तिकेत एक ओळ वाढवली असती, तर हा प्रयोग संचातला सर्वांत सरस ठरला असता.

मेणबत्तीच्या प्रयोगाबाबत मात्र एवढे सौम्य राहता येत नाही. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला की थोड्या वेळाने ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पुस्तिकेचे स्पष्टीकरण असे की हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळण्यात संपतो, म्हणून पाणी पेल्याच्या एकपंचमांश उंचीपर्यंत चढते. हे स्पष्टीकरण अनेक जुन्या पुस्तकांत आढळते आणि ते चुकीचे आहे. ज्योत विझते तेव्हा पेल्यात पुष्कळ ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार झालेली असते. खरे कारण उष्णतेचे आहे : ज्योतीमुळे पेल्यातील हवा तापून प्रसरण पावते, तिच्यातली काही बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, वाफेचेही पाणी होते, त्यामुळे बाहेरचे पाणी आत ढकलले जाते. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यानंतर चढते, एवढे जरी नीट पाहिले तरी शंका यायला हवी. हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावणे. ऑक्सिजन तेवढाच, मग पाणीही तेवढेच चढले पाहिजे. घडीचे पान वाचून झाल्यावर भाचीने वहीत तसा अंदाज लिहिला, तीन मेणबत्त्या लावल्या, पेल्यावर पेनने खूण केली, आणि पाणी पहिल्या खुणेच्या बरेच वर गेलेले पाहून विचारले, “मावशी, छापलेलं चुकीचं असू शकतं का?” निरीक्षणाच्या रकान्यात तिने तोच प्रश्न लिहून ठेवला आहे, आणि माझ्या मते त्या वहीतली ती सर्वांत मोलाची ओळ आहे.

आम्ल-आम्लारीचा प्रयोग निर्दोष आहे. लाल कोबीचा काढा, लिंबू, खाण्याचा सोडा आणि साबणाचे पाणी यांच्या साहाय्याने गुलाबीपासून निळसर-हिरव्यापर्यंत रंगांची ओळ मांडता येते. शेवटी ‘घरातला दुसरा दर्शक शोधा’ (म्हणजे आम्ल-आम्लारीत रंग बदलणारा पदार्थ) अशी मोकळी सूचना असल्यामुळे भाचीने कोकमाच्या आगळात चिमूटभर सोडा टाकला आणि लालबुंद रंग फेसासकट कसा काळपटला ते पाहिले. आगळ अर्थातच वाया गेले.

आता कादंबरीकडे वळू. विज्ञानाच्या संचात अद्भुतकथा कशाला, असे प्रथम वाटले. पण निवड विचारपूर्वक केलेली दिसते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्याच वर्षी न्यूबेरी पदक हा अमेरिकेतील बालसाहित्याचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीत मेग मरी ही मुलगी, तिचा धाकटा भाऊ आणि एक मित्र मेगच्या बेपत्ता झालेल्या शास्त्रज्ञ वडिलांच्या शोधात परग्रहांवर जातात. तिची आई स्वतः वैज्ञानिक आहे, प्रयोगशाळा घरातच आहे, आणि ती बन्सन बर्नरवरच रात्रीचे जेवण शिजवते. स्वाध्यायपुस्तिकेतला एक प्रश्न असा आहे : मिसेस मरी प्रयोगशाळेचे कोणकोणते नियम मोडतात? यादी सहज लांब होते, आणि प्रयोगपेटी शेजारीच असल्यामुळे तो प्रश्न नुसता गमतीचा राहत नाही. दुसरा चांगला स्वाध्याय मुंगीचा. कादंबरीत अवकाशातील प्रवास समजावताना एक पात्र झग्याचे कापड दोन्ही हातांत ताणून धरते. एखाद्या किड्याला या हातापासून त्या हातापर्यंत चालत जायला वेळ लागेल, पण दोन्ही हात एकत्र आणले की तो लगेच पलीकडे पोचतो. पुस्तिका हेच रुमालावर करून पाहायला सांगते आणि मग विचारते की यात कापडाची लांबी बदलली का. हा प्रश्न आठवीच्या मुलालाही विचारात पाडतो.

अंदाजवहीचा कादंबरीसाठी केलेला उपयोग मला प्रयोगांइतकाच आवडला. चार ठिकाणी वाचन थांबवायचे आणि या जगाचा नियम काय आहे, तो मोडला तर काय होईल, हे पान न उलटता लिहायचे. कॅमाझोट्झ नावाच्या ग्रहावर सगळी मुले एकाच तालात चेंडू आपटत आणि दोरीवरच्या उड्या मारत असतात; एका मुलाचा ताल चुकतो आणि त्याची आई घाबरून त्याला घरात ओढून नेते. येथे थांबल्यावर भाचीने ‘त्याला शाळेतून काढतील’ असे लिहिले. पुढे तोच मुलगा एका कोठडीत दिसतो, चेंडू आपटण्याचा सराव त्याच्याकडून पुन्हा करून घेतला जात असतो आणि प्रत्येक वेळी त्याला वेदना होतात. अंदाज हुकला, पण आई का घाबरली याची खूण आधीच्या पानावर होती का, हे शोधायला ती स्वतः मागे गेली. अद्भुत जगालाही नियम असतात आणि लेखक ते पाळतो की नाही हे वाचकाला तपासता येते, ही गोष्ट भाषेच्या तासाला क्वचितच शिकवली जाते.

बाकीची स्वाध्यायपुस्तिका मात्र सामान्य आहे. शब्दार्थ, गाळलेल्या जागा, पात्रपरिचयाचे तक्ते यांनी निम्म्याहून अधिक पाने भरली आहेत. ज्या ठिकाणी विज्ञान आणि कथा खरोखर भेटतात, ती ठिकाणे निसटली आहेत. दहाव्या प्रकरणाचे नावच ‘ॲब्सोल्यूट झीरो’ आहे; उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला काय होते आणि त्याच्या खाली तापमान का जात नाही, हे विचारण्याची इतकी आयती संधी सोडून पुस्तिका त्या प्रकरणावर विशेषणे शोधायला सांगते. ‘टेसरॅक्ट’ ही गणितात चार मितींची आकृती असते, चौरसाला चार, घनाला आठ आणि तिला सोळा शिरोबिंदू असतात, तर कादंबरीत त्याच नावाने प्रवासाची रीत ओळखली जाते. हा भेद सांगितला नसल्यामुळे मूल दोन्हींची सरमिसळ करण्याची शक्यता मोठी आहे.

भाषेचा प्रश्नही आहे. प्रयोगांची पुस्तिका द्विभाषिक आहे, पण कादंबरी आणि तिचा स्वाध्याय पूर्ण इंग्रजीत आहेत. कादंबरीतील एक पात्र निरनिराळ्या युरोपीय भाषांतील वचने बोलते आणि दुसरे शब्द लांबवून उच्चारते, त्यामुळे सेमी-इंग्रजी माध्यमातल्या मुलाला शेजारी बसून वाचणारे कोणी तरी लागेल. अंदाज मराठीत लिहिले तरी चालतील, असे वहीत स्पष्ट म्हटले आहे, ही त्यातल्या त्यात चांगली सोय.

सहावी आणि नववीसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रात्यक्षिक फेरीची तयारी म्हणून हा संच घेण्याचा काही पालकांचा विचार असतो. मोजमापाची सवय लागते एवढाच त्याचा उपयोग. फेरीसाठी लागणारा सराव यातून होणार नाही. आणि केवळ प्रयोगच हवे असतील, तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून करण्याची शेकडो खेळणी आणि मराठीतली पुस्तकेही विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यापुढे बारा प्रयोगांसाठी एवढे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. लिटमस, परीक्षानळ्या, तुरटी हे शाळांना प्रयोगसाहित्य पुरवणाऱ्या दुकानात फार स्वस्त मिळते.

अंदाजवही कंपनी वेगळीही विकते, ३०० रुपयांना, आणि ती अवश्य घ्यावी. तीत आलेखाची पाने नाहीत, ती बाहेरून आणून चिकटवावी लागतील. घडीच्या पानांची सोय वेगळ्या वहीबरोबर मिळत नाही. पण कोणत्याही पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरणाला चिमटा लावून ते काम भागते. मेणबत्तीचे पान आणि दोलकाची लांबी यांविषयी कंपनीला कळवले असता पुढील आवृत्तीत दुरुस्ती करू, असे दोन दिवसांत उत्तर आले. मोरचुदाच्या पुडीबाबत कंपनीने अजून काही कळवलेले नाही, त्यामुळे संच घेतलाच तर ती पुडी मोठ्यांनी आपल्या ताब्यात ठेवावी.