अलाइनमेंट स्टिक: स्विंगआधी पाय जागेवर आणणाऱ्या काठ्या

गोल्फ शिकताना क्लबनंतर (चेंडू मारायच्या दांड्यानंतर) लगेच घ्यावी अशी वस्तू म्हणजे अलाइनमेंट स्टिकची जोडी. साधारण 4 फुटांच्या, फायबरग्लासच्या दोन बारीक काठ्या. नवख्यांची सर्वांत चिवट चूक त्या उघडी पाडतात, आणि ती चूक स्विंग, म्हणजे क्लब फिरवून चेंडू मारणं, सुरू होण्याआधीचीच असते.

उजव्या हाताने खेळणारा नवखा पावलांची रेघ थेट लक्ष्यावर रोखतो. मग चेंडू उजवीकडे जाऊ लागतो. तो वळवण्यासाठी डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली आणताना, उजवा खांदा पुढे घुसतो आणि क्लब बाहेरून आत ओढला जातो. त्यात क्लबफेस (चेंडूला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहिला, की स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळत जाणारा फटका, ठरलेला.

चेंडूच्या मागे उभं राहून लक्ष्य हेरा. एक काठी चेंडूच्या बाजूला, पायांपासून लांबच्या अंगाला 3-4 इंचांवर, लक्ष्याच्या दिशेने ठेवा. याहून जवळ ठेवली तर क्लब तिच्यावर आदळेल. दुसरी बुटांच्या टोकांशी, पहिलीला समांतर. ही दुसरी लक्ष्याच्या डावीकडे निघाल्यासारखी वाटेल. तिला हात लावू नका, ती बरोबर आहे.

आता सेव्हन आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) कमरेपर्यंत मागे न्या आणि थांबा. दांडा जमिनीला समांतर आला, की तो पायांजवळच्या काठीलाही समांतर हवा. पाठीमागे वळला असेल तर हात लवकर फिरले. हे दहा वेळा चेंडूविना करा, मगच अर्धा स्विंग. सगळ्या पैशांचं मोल या एका सरावात आहे.

ग्रिप, म्हणजे क्लबवरची पकड, मात्र या काठ्या सुधारत नाहीत. वरून पाहताना डाव्या हाताच्या बोटांच्या दोन-तीन गाठी दिसतात का, हे आपणच बघायचं.

रेंजच्या (सरावाच्या मैदानाच्या) मॅटवर गोल काठी पायाच्या धक्क्यानेही सरकते, म्हणून चार-पाच चेंडूंनंतर दिशा पुन्हा तपासा. काठी जमिनीत रोवून करायचे सराव मॅटवर जमत नाहीत, त्यांना गवतच लागतं. वरचं आवरण तडकलं तर काठी टाकून द्या. काचेचे तंतू तळहातात घुसतात आणि सहज निघत नाहीत.

खर्च नको असेल तर वायरिंगचा पीव्हीसी पाईप आणून त्याचे 4 फुटांचे दोन तुकडे करा. जमिनीवर आडवे ठेवायला ते तितकेच चांगले. खेळाच्या फेरीत मात्र दिशेसाठी काठी जमिनीवर ठेवता येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजून खेळताना, त्याचा दंड 2 स्ट्रोकचा (फटक्यांचा).