पार-टू : फाइल बिघडल्याचं कळलं, पुढे काय?

पार-टू म्हणजे फायलींसोबत थोडा जादा डेटा ठेवून, त्या बिघडल्या तर त्यावरून दुरुस्त करणारं साधन. एकदा तयार झाला की पुन्हा बदलायचा नाही, असा डेटा ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते वापरायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. जुनी ध्वनिमुद्रणं, स्कॅन केलेली हस्तलिखितं, कायमचे जपायचे फोटो, असा डेटा. मी ते आजोबांच्या कॅसेटवरून उतरवलेल्या ध्वनिमुद्रणांसाठी वापरते. मूळ फिती आता वाजवण्याच्या अवस्थेत नाहीत. म्हणजे हार्ड डिस्कवरच्या फायली गेल्या, तर आजोबांचा आवाजही गेला.

या फायली फ्लॅक या ध्वनी-स्वरूपात आहेत. फ्लॅकमधल्या प्रत्येक छोट्या तुकड्याला स्वतःचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो आणि सबंध ध्वनीचा एमडी-फाइव्ह ठसाही, म्हणजे तसाच पण लांब आकडा, फाइलमध्येच साठवलेला असतो. माझ्या एका डिस्कवर खराब सेक्टर (वाचता न येणारे भाग) निघाले तेव्हा या तपासणीने चोख काम केलं, कोणती फाइल बिघडली ते लगेच सांगितलं. पण तिचं काम तिथेच संपलं. बिघाड कळला, मात्र तो भरून काढायला हातात काही नाही, ही अवस्था फार वाईट.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांना १९४७ मध्ये हीच गोष्ट छळत होती. तिथला रिलेवर (विजेने उघड-बंद होणाऱ्या कळांवर) चालणारा संगणक चूक ओळखायचा. पण शनिवार-रविवारी देखरेखीला कोणी नसताना चूक सापडली, की ते काम तिथेच टाकून तो पुढचं काम घ्यायचा. सोमवारी येऊन बघावं तर हॅमिंग यांच्या हाती काहीच नाही. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, मग ती कुठे आहे हे शोधून त्याने ती सुधारावी का नाही? या वैतागातून निघालेला कोड, म्हणजे चूक सुधारता येईल अशी माहिती मांडण्याची रीत, त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. माहितीच्या ४ बिटांना ३ जादा बिट जोडायचे. मग त्या ७ पैकी कोणताही एक बिट उलटला, तरी तो नेमका कोणता हे कळतं.

पार-टू ज्या गणितावर चालतं ते पुढच्या पिढीचं, रीड-सॉलोमन कोडचं. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी तो १९६० मध्ये मांडला. कल्पना विलक्षण सुंदर आहे. दोन बिंदूंवरून एक सरळ रेषा ठरते. त्याच रेषेवरचे आणखी तीन बिंदू नोंदवून ठेवले, तर पाचांपैकी कोणतेही तीन हरवोत, उरलेल्या दोघांवरून रेषा परत मिळते. रेषेऐवजी वरच्या घाताची बहुपदी घ्या, साध्या आकड्यांऐवजी मर्यादित संख्याक्षेत्रातली (मोजक्याच संख्यांच्या संचातली) बेरीज-गुणाकार घ्या, की झाला कोड. बर्लेकॅम्प आणि मॅसी यांनी साठच्या दशकाच्या शेवटी चुका झटपट शोधण्याची रीत दिली आणि तो व्यवहारात आला. व्हॉयेजर-२ या अंतराळयानाने १९८६ मध्ये युरेनसची छायाचित्रं पाठवली ती याच कोडच्या आधाराने. ऑडिओ सीडी ओरखडे सहन करते आणि थोडा फाटलेला क्यूआर कोडही वाचला जातो, तोही याच्याच बळावर.

पार-टूची खरी हुशारी पुढे आहे आणि मला हे साधन आवडण्याचं मुख्य कारणही तेच. चूक कुठे आहे हे माहीत नसेल, तर रीड-सॉलोमनला एक चूक सुधारायला दोन जादा चिन्हं (माहितीचे छोटे एकक) खर्च करावी लागतात, कारण एकाच वेळी जागाही शोधायची आणि किंमतही. जागा आधीच माहीत असेल तर एकच पुरतं. पार-टू फायलींचे सारख्या आकाराचे ब्लॉक पाडतं आणि प्रत्येक ब्लॉकचा चेकसम वेगळा नोंदवून ठेवतं. कोणता ब्लॉक खराब हे चेकसम सांगतात, त्यामुळे कोडला फक्त भरपाई करायची असते. दुरुस्तीचा एक ब्लॉक म्हणजे कोणत्याही एका खराब ब्लॉकची पूर्ण भरपाई. डेटाचे २००० ब्लॉक असतील आणि १० टक्के जादा डेटा ठेवला, तर दुरुस्तीचे २०० ब्लॉक मिळतात. मग त्या २००० पैकी कोणतेही २०० जाऊ देत, सगळं परत येतं. ओळखण्याचं काम स्वस्त चेकसमकडे आणि दुरुस्तीचं महागड्या गणिताकडे, ही वाटणी अगदी योग्य आहे.

विश्वास ठेवण्याआधी मी एका ध्वनिमुद्रणाच्या प्रतीवर त्याची परीक्षा घेतली. मधला मोठा तुकडा शून्यांनी भरला: दुरुस्त. फाइलचं नाव बदललं: नाव वेगळं असूनही आतल्या मजकुरावरून ओळखली. सर्वांत कडक चाचणी म्हणजे सुरुवातीचे थोडे बाइट काढून टाकणं, कारण त्याने पुढचा सगळा डेटा सरकतो. ज्या साधनाला ब्लॉक ठरलेल्या जागीच सापडतात, त्याला सगळीच फाइल खराब दिसेल. पार-टू मात्र फाइलवरून बाइट-बाइट पुढे सरकत चेकसम जुळवून बघतं, त्यामुळे सरकलेले ब्लॉकही त्याला सापडले आणि नुकसान फक्त सुरुवातीच्या ब्लॉकपुरतं राहिलं. दुरुस्तीनंतरचा एमडी-फाइव्ह मूळ फाइलशी तंतोतंत जुळला. इतका आनंद मला कोणत्याही सॉफ्टवेअरने क्वचितच दिला आहे.

हे सगळं जन्माला आलं युझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चा-जाळ्यासाठी. तिथे मोठ्या फायली शेकडो संदेशांत तुकडे करून पाठवत आणि वाटेत काही संदेश हरवत. म्हणजे मूळ काम संदेशवहनाचंच. डिस्कवर पडून राहिलेली फाइल हाही एक संदेशच, फक्त वर्षानुवर्षांनी पोहोचणारा.

आता उणिवा. मोठ्या डेटावर ते संथ चालतं, कारण दुरुस्तीचा प्रत्येक ब्लॉक काढताना सगळा डेटा हिशेबात घ्यावा लागतो. टक्केवारी दुप्पट केली की गणितही दुप्पट. संचात एक नवी फाइल घालायची तर दुरुस्तीच्या फायली पुन्हा तयार कराव्या लागतात, म्हणून रोज बदलणाऱ्या फोल्डरसाठी हे साधन अजिबात नाही. ब्लॉकचा आकार स्वतः विचार करून ठरवा: बिघाड लहान-लहान आणि विखुरलेले असतील, तर मोठे ब्लॉक वाया जातात, कारण एक बाइट बिघडला तरी आख्खा ब्लॉक गेला. आणि मर्यादा कठोर आहे. २०० ब्लॉक जवळ असताना २०१ खराब झाले, तर त्यांतला एकही या गणितातून परत येत नाही. कमांड लाइनची सवय नसलेल्यांनी विंडोजवर मल्टिपार हा पार-टूचाच प्रोग्राम घ्यावा. त्यात बटणं आहेत, रंगांनी अवस्था दाखवतात.

बॅकअपची जागा मात्र हे घेत नाही. आख्खी डिस्क गेली तर तिच्यावरच्या दुरुस्तीच्या फायलीही जातात. मी दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवते आणि दोन्हींवर दुरुस्तीच्या फायलींचा १० टक्क्यांचा संच. शिवाय दोन्हींवर या प्रोग्रामचा मुक्त परवान्याचा सोर्स कोड आणि स्वरूपाचं जाहीर तपशीलपत्रही, म्हणजे उद्या हे साधन कुठून उतरवून घेता आलं नाही, तरी नव्याने लिहिता येईल.